पांढरा रंग गेला कुठे?

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी तलवारीच्या पात्यासारखी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. या मताला अजून कुणी दुजोरा दिलेला नाही. पण दुजोऱ्याची वाट बघत बसणाऱ्यांतला मी नव्हे. नोकरी म्हणाल तर शाळेत चित्रकला शिकवतो, पण पिंड गुप्तहेराचा. आजवर तीन प्रकरणं हाताळली. दोन हरवलेल्या छत्र्या मालकांच्या घरीच निघाल्या. तिसरं प्रकरण माझ्या चष्म्याचं. तो बायकोने माझ्याच कपाळावरून उतरवून दिला.

चौथं प्रकरण मात्र खरंखुरं होतं.

सातवीच्या चित्रकलेच्या खोलीतला पांढरा रंग नाहीसा होत होता. लाल, निळा, पिवळा बाटल्यांत गळ्यापर्यंत. पांढरा तेवढा तळाला. सत्राच्या सुरुवातीला बारा बाटल्या होत्या. आठ आठवड्यांत नऊ रिकाम्या. आणि मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन दहा दिवसांवर.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं.

"सर, मुलं रंग पितात का?"

"बाई, यामागे टोळी आहे."

"टोळी असो नाहीतर टोळधाड. प्रदर्शनाच्या आत छडा लावा. नाहीतर तुमच्या दोन तासांतला एक मी गणिताला देऊन टाकीन."

गणिताला! माझ्यातला शिक्षक घाबरला, पण माझ्यातला गुप्तहेर आनंदाने हात चोळू लागला.

शाळेत पांढरं काय काय आहे, याची मी यादी केली. खडू. फळ्यामागची भिंत. मोठ्या बाईंचे केस (हा मुद्दा लगेच खोडला). आणि पी.टी.च्या सरांचे कॅनव्हासचे बूट! मातीच्या मैदानावर दिवसभर शिट्टी फुंकणाऱ्या माणसाचे बूट इतके पांढरेशुभ्र कसे? मधल्या सुट्टीत बूट काढून ते डबा खात बसले होते. मी हळूच टेबलाखाली शिरलो आणि उजव्या बुटाचा वास घेतला.

"काय शोधताय?" वरून आवाज आला.

"सत्य."

"मग डावा हुंगा. तो तरी कालच धुतलाय."

बूट निर्दोष सुटले. पुढचा संशय विज्ञानाच्या बाईंच्या ज्वालामुखीवर. त्याच्या डोक्यावर बर्फ होता. मी नखाने खरवडला, तर कापूस हातात आला. बाईंनी मला तो परत चिकटवायला लावला, आणि त्यात माझा अख्खा तास गेला.

मग मी सापळा रचला. उरलेल्या तिन्ही बाटल्यांच्या झाकणांवर लाल रंगाची पूड लावून ठेवली. चोराने झाकण उघडलं की बोटं लाल! योजना अशी बिनतोड होती की दुसऱ्या दिवशी मी ती साफ विसरलो. आठवीला ढग शिकवायचे म्हणून बाटली उघडली, मग नाक खाजवलं आणि तसाच शिक्षकांच्या खोलीत गेलो. मोठ्या बाईंनी आधी माझं नाक पाहिलं, मग बोटं.

"रंगेहाथ म्हणतात ते हेच का, सर?"

त्या दुपारी मी नाक चोळत वर्गात बसलो होतो. सफाईच्या मावशी ब्रश धुवायचे डबे गोळा करत होत्या.

"सर, तुम्ही पांढरा रंग शोधताय होय? मला विचारायचं की."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"अहो, तुम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक आहे."

दोरीवर चित्रं वाळत होती. मावशींनी त्यातलं एक माझ्यापुढे धरलं. ते टाचणीचं होतं. टाचणी म्हणजे सातवीतली एक मुलगी. अंगाने तशी, बोलण्यानेही तशीच. चित्रात घोडा होता.

"इथे हात लावा."

रंगाचा थर गिलाव्यासारखा जाड होता.

"आता नख लावा."

एक खपली निघाली. खाली काळी, ठसठशीत, डौलदार रेघ दिसली. घोड्याचा पाय. शंभर चित्रांत ओळखली असती मी ती रेघ. माझीच होती!

"तुम्ही काळा ब्रश घेऊन पोरांची चित्रं सुधारता ना," मावशी म्हणाल्या, "तुमची पाठ वळली की पोरं त्यावर पांढरा फासतात. वाळला की पुन्हा आपलं काढतात. तुमचा काळा फार गडद हो, सर. दोन-दोन हात द्यावे लागतात बिचाऱ्यांना."

मी एकेक चित्र तपासलं. चौतिसातल्या एकतिसांवर गिलावा होता. उरलेली तीन मुलं मी ही चित्रं सुधारली त्या दिवशी गैरहजर होती. आयुष्यभर मी पांढऱ्यावर काळं केलं, आणि पोरं बसली काळ्यावर पांढरं करत. माझी समजूत अशी, की मी त्यांना प्रोत्साहन देतोय.

तेवढ्यात टाचणी राहिलेली पट्टी न्यायला आली. माझ्या हातात चित्र बघून दारातच थबकली.

"सर, रागावू नका. तुमचा घोडा छान होता."

"मग झाकलास का?"

"तो उभा होता. माझा पळतोय."

"पण याला पाच पाय आहेत!"

"पळताना तो मोजत बसतो का, सर?"

मी पाय पुन्हा मोजले. पाचच होते.

"अगं, मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतकं मन लावून काढत होता," ती म्हणाली. "तुमचा हिरमोड झाला असता."

म्हणजे एकतीस मुलं आठ आठवडे मलाच प्रोत्साहन देत होती.

मी चित्र घेऊन तडक मोठ्या बाईंकडे गेलो. "बाई, टोळी सापडली. एकच इसम आहे, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे." सगळं सांगितलं. त्यांनी चित्र खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

"पळतोय," त्या म्हणाल्या. "तास राहू दे तुमच्याकडे. काळा रंग मात्र माझ्या कपाटात राहील."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून वर्गात फिरलो. कुणाला विचारलं, हे असं का काढलंस? कुणाला विचारलं, इथे पुढे काय होणार? आणि पोरं बोलायला लागली! वर्षभरात तोंड न उघडलेला एकजण आपल्या हिरव्या सूर्याबद्दल दहा मिनिटं बोलला. माझे हात शिवशिवत होते, पण सोडले नाहीत. टाचणीच्या मागे तर मी किती वेळ उभा होतो, मलाच कळलं नाही.

"सर," ती मान वर न करता म्हणाली, "जरा सरकता का? उजेड अडतोय."

मी सरकलो.