शिस्टरबाईंची मोकळी जागा

आमदारबाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं कडक साडी, काळा गॉगल आन् मागं चार जीपगाड्या आल्या असणार. पुसून टाका सगळं. आमच्या विमलबाई भेटल्या की नमस्काराऐवजी तुमचं मनगट धरायच्या आन् घड्याळात बघत नाडी मोजायच्या. मग तो फौजदार असो, न्हायतर मंत्री. एका मंत्र्याला तर चारचौघांत म्हणाल्या, "सायेब, चहा कमी करा. आन् उद्घाटनं बी."

सणसरच्या अलीकडं आमचं गाव. बाई तिथल्या सरकारी दवाखान्यात अठरा वर्षं नर्स. गाव त्यांना शिस्टर म्हणायचं. नव्वद साली लोकांनी त्यांना इलेक्शनला उभं केलं. प्रचारात भाषण नव्हतंच. घरात शिरायचं, सातवीतल्या टोणग्याकडं बोट करायचं, "ह्यो पायाळू आलता. ध्यानात हाय का?" बास. आई डोळ्याला पदर लावायची, बाप मान डोलवायचा. बाई निवडून आल्या.

आवाज जाड, घोगरा. मला तो हुबेहूब यायचा. कुणी रडत गाऱ्हाणं घेऊन आलं की बाई आधी म्हणायच्या, "खोल श्वास घ्या. सोडा. आता बोला." बारामतीला कॉलेजच्या गॅदरिंगमधे मी एवढ्यावर हॉल हसवायचो.

पण उभं राहायचं म्हणून बाईंनी नोकरी सोडली, आन् त्या जागी दुसरी नर्स आलीच न्हाय. बाळंतपण निघालं की बाईच मीटिंग टाकून यायच्या. एकदा तर सत्काराचा हार गळ्यात तसाच.

त्या डिसेंबरात बाई अधिवेशनाला नागपूरला, आन् माझ्या वहिनीचे दिवस भरत आलेले. पहिलं बाळ दगावलेलं. आई देवापुढनं उठंना. आमचे वडील, तात्या, म्हणाले, "नागपूरवनं बाई यील व्हय रं येळंला?"

मी एसटीडी बूथ गाठला आन् तालुक्याच्या डॉक्टरसाहेबाला बाईंच्या आवाजात फोन लावला.

"सायेब, खोल श्वास घ्या. सोडा. आता ऐका. माझ्या गावाला परवापतुर नर्स पायजे."

साहेब चाचरले. "पण बाई, जागा भरू नका असं तुम्हीच म्हणाला होता."

आता खोल श्वास मीच घेतला. "आता मीच म्हणतीय, भरा."

तिसऱ्या दिवशी नर्स आली. आठवड्यानं वहिनीला मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

अधिवेशन उरकून बाई परतल्या. दवाखान्यामागच्या नर्सच्या खोलीत त्यांचं सामान इतके दिवस तसंच पडलेलं. आता नव्या नर्सनं ट्रंक, स्टोव्ह आन् दोन पातेली ओट्यावर काढून ठेवली होती. बाई आधी आमच्या घरी आल्या. बाळाच्या टाळूवरनं हात फिरवला. मग मला बाहेर घेतलं.

"डॉक्टरसायेब म्हणत्यात, फोन मीच केलता. माझा आवाज काढतोस? पोलिसात दिला आसता तुला."

"चुकलं, शिस्टर."

"तू न्हाय, मी चुकले. पाच वर्सानं लोकं घरी बसवत्याल, तवा परत अर्ज करून हितंच येईन म्हणून जागा धरून बसले. मला दुसरं घर न्हाय रं. पण तुझी वहिनी अडली आसती तर?" त्यांचा आवाज चढला. "हे माझ्या तोंडावर का न्हाय बोललास? नागपूरला फोन नव्हता? चल, ती ट्रंक उचल."

"न्यायची कुठं, शिस्टर?"

बाई दवाखान्याकडं चालू लागल्या. मागं न बघताच खेकसल्या, "आधी उचल तरी, मुडद्या!"