रगत परत आलं, जा

मी खोटा अंगठा केला होता. इतकी वर्षं हे लिहायचं टाळलं, कारण ते सांगायचं तर आधी जोमाकाकांबद्दल सांगावं लागतं.

जोमाकाका गव्हाणचे, आमच्या पनवेलच्या ऑफिसातले शिपाई. हजेरीला बोटाचे ठसे घेणारं मशीन आलं, तेव्हा त्यांना शेजारी स्टूल टाकून बसवलं. मशीनला कुणी हात लावून बिघडवू नये, एवढंच काम. पण कुठेतरी मेणाचं बोट लावून हजेरी भरल्याचं काकांनी ऐकलं आणि स्वतःची तपासणी सुरू केली. ते प्रत्येकाचं बोट धरायचे, नख दाबायचे. नख पांढरं पडायचं. काका टक लावून बसायचे. पुन्हा लाली आली की म्हणायचे, "रगत परत आलं. जा."

साहेबांचंही नख सुटलं नाही. कुलकर्णीबाईंची बोटं कायम गार. त्यांना काका आधी आपला चहाचा ग्लास धरायला देत. मशीनवर त्यांचा भरवसा नव्हता. "मेलेलं बोट पन घेल त्ये," म्हणायचे. रांग जिन्यापर्यंत जायची. माझ्या शेजारच्या टेबलावरचा साळवी एकदा म्हणाला, "काका, लग्नातसुद्धा इतका वेळ कुणी माझा हात धरला नव्हता."

"मंग नवरीनंच घाई केली," काका म्हणाले आणि त्याचं नख पुन्हा एकदा दाबलं.

तेव्हा विचुंब्याला माझा फ्लॅट बांधला जात होता. चारलाच निघून जावं आणि स्लॅबवर पाणी मारताना बघत उभं राहावं, असं वेड लागलं होतं. मेणबत्तीच्या मऊ मेणात मी अंगठा दाबला, खळग्यात सुतारी गोंद ओतला, वाळल्यावर सापाच्या कातीसारखा पापुद्रा सोलून साळवीला दिला. अंगठ्यावरचा विळीचा वणसुद्धा त्यात उमटला होता. संध्याकाळी साळवी आपलं बोट लावायचा आणि काका पुढच्या नखात गुंतले की पापुद्रा चढवलेला अंगठा. काका बघायचे नख. लबाडी होती खालच्या बाजूला.

एक दिवस तो पापुद्रा मशीनखाली पडलेला साहेबांना सापडला. सगळ्यांसमोर त्यांनी काकांना विचारलं, हा कुणाचा. काकांनी तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "नाय वलखत."

दुसऱ्या दिवशी त्यांना मागच्या फाटकावर पाठवलं. साहेबांनी हे काकांना सांगितलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

रांग संपली, सगळे खूश झाले. मी मात्र मशीनसमोर आलो की आधी हात पुढे करून थांबायचो. समोर रिकामं स्टूल असायचं. असे कितीतरी महिने गेले.

शेवटी एका दुपारी मागच्या फाटकावर गेलो. काका डबा धूत होते. सवयीनं मी अंगठा पुढे केला. त्यांनी ओला हात पुसला आणि नख दाबलं.

"आमची कारभारीन तीन म्हयने दवाखान्यात व्हती," ते नखाकडे बघतच म्हणाले. "बोलत नव्हती. नर्सबाईनं शिकवलं, नख दाबून बगा. रोज बगायचो. परत यायचं. एक दिस दाबलं, आनि बसून रायलो."

माझं नख लाल झालं होतं. त्यांनी अंगठा सोडला नाही; उलटा करून वणावरून बोट फिरवलं.

"ह्यो त्या कातीवर पन व्हता."

मग तेव्हाच का नाही सांगितलंत, असं कसंबसं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमाला कामावरनं काडलं असतं," ते म्हणाले. "सकालचं एक बोट कमी झालं असतं."

अंगठा त्यांच्याच हातात होता.

"काका, ती कात माझीच होती. मी गप्प राहिलो आणि तुमची सगळी बोटं गेली. मला माफ करा."