भाचीच्या वजनाचे तांदूळ

मी एकदा ठरवलं की ठरवलं! आमच्या घरात ही गोष्ट अजून फक्त मलाच पटलेली आहे. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेला मी जाहीर केलं, की आता मी व्यायाम करणार, घरीच करणार, आणि तो कायमचा टिकवणार! रेणू, म्हणजे आमची ही, वाटाणे सोलत बसली होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"ती मागच्या खेपेची रबरी पट्टी कुठंय हो?"

पट्टी तुटली होती. तुटताना ती मिक्सरचं भांडंही घेऊन गेली होती. त्याआधी जोर-बैठका चार दिवस चालल्या. पाण्याच्या बाटल्या उचलणं तीन दिवस चाललं, आणि चौथ्या दिवशी मी त्यांतलं पाणी पिऊन टाकलं. पण तेव्हा कारण नव्हतं, या वेळी होतं! माझ्या थोरल्या बहिणीची, मीनाताईची मुलगी प्रियदर्शिनी हिचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं, तेही तेलुगू घरात. आपल्याकडं मामाचं काम सोपं असतं. भाचीचा हात धरून तिला आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत मागं उभं राहायचं. त्यांच्याकडं मात्र नवरी बांबूच्या टोपलीत बसते, आणि मामालोक ती टोपली उचलून मंडपात आणतात!

आता प्रियदर्शिनीला मामा एकच, तो म्हणजे मी. नवरदेवाचे वडील नरसिंगराव भले माणूस. साखरपुड्यात म्हणाले, "चार जने पकडते भाई, टेन्शन नक्को लेओ."

माझ्या पोटात तेव्हा डबल का मीठाच्या, म्हणजे पावाच्या त्या तुपट गोडाच्या, तीन वाट्या होत्या. मी छाती काढून म्हणालो, "चार कायकू? मैं अकेला बस हूँ!"

मीनाताईचे डोळे भरून आले. "बाबा असते तर किती खूश झाले असते रे, सुधीर," ती म्हणाली. झालं! आता माघार घ्यायची सोय उरली नाही. बारशाला मीच त्या पोरीला पहिल्यांदा पाळण्यात ठेवलं होतं. तेव्हा ती साडेतीन किलोची होती. आता किती, असं विचारलं तर म्हणते, "मामा, पन्नास धरून चल. आणि मम्मीला सांगू नको."

फोनवरच्या व्हिडिओत एक पैलवान रोज सांगायचा, की ज्यात मजा येते तोच व्यायाम टिकतो. मजा कशात येते हे मला कळेना. मग एका रविवारी तांदूळ आणले. बरकतपुऱ्यातली आमची बिल्डिंग तीन मजली, आणि लिफ्ट दसऱ्यापासून बंद. पंचवीस किलोचं पोतं खांद्यावर घेऊन मी चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर भाग्यलक्ष्मी अम्मांकडच्या कॉफीचा वास! दुसऱ्या मजल्यावर कढीपत्त्याची फोडणी! जाणारे-येणारे विचारपूस करतायत, मी धाप लागूनही उत्तरं देतोय! तिसऱ्या मजल्यावर दाराशी पोचलो आणि लक्षात आलं, की अरे, मला मजा येतेय! मी आमच्या चौकटीला हात लावला आणि पोतं घेऊन तसाच खाली निघालो.

"अहो, तांदूळ आत द्या की! भात टाकायचाय!" रेणू ओरडली.

"अजून चार फेऱ्या!"

तोच नेम पडला. खालून उचलायचं, वर न्यायचं, चौकटीला हात लावायचा, वळायचं, खाली आणायचं. रोज सकाळी पाच फेऱ्या. पंधरा दिवसांनी बेगम बाजारातून मोठी टोपली आणली आणि तिच्यात दोन पोती भरली. पन्नास किलो! पहिल्या दिवशी मी चौथ्या पायरीवर बसलो. जानेवारी संपेपर्यंत मात्र टोपली पोटाशी धरून सरळ वर जायला लागलो. एक दिवससुद्धा खाडा नाही!

भानगड भाग्यलक्ष्मी अम्मांमुळे झाली. मी वर जाताना त्या दारात रांगोळी घालत असायच्या, आणि खाली येताना पुढचा रंग आणायला आत गेलेल्या. त्यामुळं त्यांना तांदूळ नुसते वर जाताना दिसायचे. रोज पाचदा! शेवटी एका सकाळी त्यांनी मला अडवलं.

"सुधीर भाई, चावल महँगा होनेवाला है क्या?"

मला धाप लागली होती. बोलवेना. पाच फेऱ्या पूर्ण करून येतो, अशा अर्थानं मी हाताची पाच बोटं दाखवली आणि पुढं गेलो.

संध्याकाळी बिल्डिंगसमोर तीन ऑटो-ट्रॉल्या उभ्या! घरटी पाच-पाच पोती! अम्मांनी सगळ्यांना सांगितलं होतं, की सुधीर भाईंना आतली बातमी आहे, पाच पोत्यांच्या खाली काम नाही. आमचे सेक्रेटरी किशनराव मूळचे नांदेडचे, तावातावानं वर आले.

"लाज वाटत नाही का हो? साठा करायलात, अन् शेजाऱ्याला सांगत नाही!"

"अहो, व्यायाम आहे तो!"

"तांदळाचा? कोणाला येड्यात काढायलात?"

मग मला सगळ्यांसमोर पाच फेऱ्या करून दाखवाव्या लागल्या. टोपली, भाची, मामा, सगळं सांगितलं. बिल्डिंग आधी चिडली, मग हसली, आणि शेवटी अशी खूश झाली, की सगळेच म्हणाले, "हौ, अब तो देखनाच है!" ज्यांना आमंत्रण नव्हतं तेही लग्नाला यायचे ठरले.

हिमायतनगरचा हॉल. स्टेजला सात पायऱ्या. वर केळीच्या खांबांचा मंडप, आत नवरदेव पडद्याआड बसलेला. मुहूर्ताला सहा मिनिटं राहिली. प्रियदर्शिनी नारळ घेऊन टोपलीत बसली. सनई आणि डोलू, म्हणजे त्यांचा ढोल, दणाणले. मी वाकलो आणि टोपली उचलली! खरंच उचलली, एकट्यानं! अख्खा हॉल उभा राहिला. मीनाताई रडायला लागली, मलाही भरून आलं. एक पायरी, दोन, चार, सात! वर पोचलो, केळीच्या खांबाला हात लावला, वळलो, आणि नवरीला घेऊन खाली उतरायला लागलो.

"एक फेरी झाली!" मागून किशनराव ओरडले. आमच्या बिल्डिंगनं टाळ्या वाजवल्या.

"मामा! लग्न तिकडं आहे!" टोपलीतून प्रियदर्शिनी ओरडली.

"अहो, तांदूळ नाही ती!" ही रेणू, पहिल्या रांगेतून.

तोवर मी खाली पोचलो होतो. वाजंत्री थांबली. नरसिंगराव अनवाणी धावत आले, चेहरा पांढराफटक. "मामा रूठ गए! क्या कमी हुई भाई? बोलो, अब्बी करते!"

"कुछ नहीं," मी पुटपुटलो, "आदत है."

"दुल्हन को वापस ले जाने की आदत?"

मुहूर्ताला दोन मिनिटं उरली होती. कोणी काही ऐकून घेईना. नवरदेवाच्या चार काकांनी टोपलीला हात घातले आणि मला हळूच बाजूला केलं. त्या गडबडीत टोपलीतून घरंगळलेला नारळ मी उचलला आणि मागून निघालो. प्रियदर्शिनी वेळेवर मंडपात पोचली. लग्न लागलं, सगळं गोड झालं.

तरी मी खूश होतो. उचलली तर होती! व्हिडिओ आला की सगळ्यांना दाखवणार होतो. परवा तो आला. व्हिडिओवाला बिचारा हुशार. नवरी मंडपातून उलटी बाहेर जाताना दिसली, तेव्हा त्याला वाटलं की आपल्याच हातून चित्रण उलटं लागलं. त्यानं तेवढा तुकडा पुढून-मागून साफ कापून टाकला. आता त्या तीन तासांच्या व्हिडिओत चार काका नवरीला उचलून आणतात, आणि त्यांच्या मागून मामा नारळ घेऊन येतो. तोही दोन्ही हातांनी धरलेला!