सरसेनापतींनी टोप काढला

सरसेनापती झुर्कान यांचं यान फिजीतल्या कादावू बेटावर उतरलं ते नेमकं गावाच्या रग्बीच्या मैदानात. चौदा ग्रह जिंकलेले हे गृहस्थ. पण मागचे दोन हातचे निसटले होते. आज सूर्य मावळायच्या आत पृथ्वी शरण आली नाही, तर सम्राट त्यांना कायमचं घरी बसवणार होते.

शिडीवरूनच त्यांनी गर्जना केली, "मानवांनो, शरण या! डोकी उघडी करा, जमिनीवर बसा, भेट पुढे ठेवा. यानातलं पंचयंत्र सगळं पाहतंय. त्याने निकाल दिला की तुमचं सैन्य माझं."

मैदानाच्या कडेला गावचे कारभारी एमोसी जाळं विणत बसले होते. भाषायंत्राने सगळं फिजी भाषेत करून सांगितलं, तरी ते उठले नाहीत.

"आधी तो टोप काढा," ते म्हणाले. "गावात डोक्यावर काही घालून हिंडत नाहीत. आणि सेवुसेवु कुठाय?"

"काय?"

"यांगोनाची मुळी हो. पाहुण्याने ती प्रमुखांपुढे ठेवायची, मग तोंड उघडायचं."

"मी सूर्य विझवलेत."

"असतील. पण गेल्या वर्षी मंत्री आले होते हात हलवत, तेही बाहेरच उभे राहिले."

सूर्य कलायला लागला होता. प्रमुखच भेटले नाहीत तर शरण कोण येणार? सरसेनापतींनी मुकाट्याने टोप काढला.

एमोसींच्या बहिणीने, वासितीने, आपली बाग दाखवली. "कोपऱ्यातलं झाड घ्या. पण खणायचं तुमचं तुम्ही. आणि मुळं तोडू नका, चारचौघांत बरं दिसत नाही."

सूर्य विझवणारी त्यांची तलवार पहिल्यांदाच मातीत गेली. तासाभराने घामाघूम सरसेनापती मुळी खांद्यावर टाकून निघाले.

प्रमुख रातू तेविता घरात चटईवर बसले होते. एमोसींनी दारात बूट काढायला लावले. प्रमुखांपेक्षा डोकं वर नको म्हणून आत गेल्यावर खाली बसायला लावलं. सरसेनापती नऊ फूट उंच, त्यामुळे त्यांना जवळजवळ लोळावंच लागलं. त्यांनी मुळी पुढे सरकवली. रातूंनी तिला हात लावला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"स्वीकारली," रातू म्हणाले. "बोला, काय काम काढलंत?"

सरसेनापती बोलणार, तोच मैदानातून पंचयंत्राचा आवाज आला. "डोकं उघडं. जमिनीवर बसले. भेट ठेवली. सरसेनापती झुर्कान शरण आले. अकरा हजार यानं आता रातू तेवितांची."

"अकरा हजार?" वासिती म्हणाली. "एवढ्यांना जेवायला काय घालायचं?"

सहाशे वर्षांची नोकरी एका मुळीपायी गेली होती. सरसेनापतींना रडूच यायला लागलं. "माझं डोकं कधी उडवताय?"

"डोकं कशाला?" रातूंनी यांगोनाची मुळी कुटून केलेल्या पेयाने भरलेली करवंटी त्यांच्यापुढे केली. "सेवुसेवु घेतला, आता तुम्ही आमचेच. शनिवारी सामना आहे. अर्ध्या मैदानाचं गवत जाळलंत, उरलेलं तेवढं नीट कापा."

सरसेनापतींनी करवंटी एका दमात संपवली. जीभ बधिर झाली, पण सहाशे वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तलवारीची माती पुसत त्यांनी एमोसींना हळूच विचारलं, "गवत किती बोटं ठेवायचं?"