शून्य वार्निंग

"एकच वार्निंग राह्यली ना बे!" अमरावतीहून गजेंद्रसरांचा फोन होता. "गिऱ्हाइकाले शून्य पाहिजे. उद्या मशीन जाते."

रक्तपेढीचा फ्रीज सांभाळणारा, कर्नलमधला म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातला कोड उजैर अकोल्याच्या जुन्या शहरात, घरी बसून लिहीत होता. कोड न चालवता नुसता वाचून चुका काढणारं टूल एकाच ओळीवर अडून बसलं होतं : तापमानाच्या आकड्याला लॉक न घेता हात लागतोय. लॉक कशासाठी, तर एक काम आकडा लिहीत असताना दुसऱ्यानं तो अर्धाच उचलू नये.

उजैरनं कोड दुरुस्त केला नाही. कोडच्या त्या तुकड्याच्या, म्हणजे फंक्शनच्या, डोक्यावर टूलसाठी खूण लिहिली : इथे येणाऱ्याकडे लॉक असतंच. ते साफ खोटं होतं. टूल बिचारं विश्वासू. ते त्या फंक्शनला बोलावणाऱ्याकडे वळलं, मग तुझ्याकडे लॉक कुठंय? उजैरनं त्यालाही खूण लावली. मग त्याच्याही वरच्याला. लबाडी पार टोकाला पोचली तेव्हा टूल गप्प झालं. शून्य.

दुपारी अमरावतीच्या ऑफिसात त्याची सहकारी रागिणी हिनं त्या खुणा वाचल्या. लॉक वरूनच येतं म्हणतोय, मग खाली पुन्हा घेतलं तर मशीन अडकेल, असा सरळ विचार करून तिनं खाली आधीपासून असलेलं खरं लॉक काढून टाकलं.

चाचणीच्या फ्रीजचं दार उघडं ठेवलं. आत ठेवलेला साधा थर्मामीटर वीस अंशांवर गेला, पडद्यावर मात्र चार. अलार्म मुका.

"आत वीस झाले अन् हे चारच दाखवते! रागिणीनं काय करून ठेवलं?" सर फोनवर ओरडले.

'हो' म्हणणं सोपं होतं. उजैर म्हणाला, "तिनं नाही सर. मी खोटं लिहिलं. लॉक नव्हतंच."

शिव्या खाऊन त्यानं सगळ्या खुणा, पूर्वी अशाच लावलेल्याही, पुसल्या, रागिणीनं काढलेलं लॉक परत बसवलं. वार्निंगा तीन झाल्या. दोन त्यानं नीट मिटवल्या. तिसरी अलार्मच्या वाटेवरची. लॉक मोकळं होईपर्यंत थांबायची तिथे कोडला मुभा नसते, म्हणून हे लॉक घेताच येत नाही. मांडणीच बदलावी लागणार होती.

"दोन दिवस द्या सर."

"गाडी उभी हाय खाली!"

तासाभरानं सरांचा पुन्हा फोन. "झाल्या शून्य."

"कशा?"

"टूलच बंद केलं. फ्रीज निघाला."

रात्री उजैरनं भरलेलं ताट तसंच बाजूला सारलं. "तबियत ठीक नहीं क्या?" नईमानं विचारलं. बायकोला तो एवढंच म्हणाला, "मेरी तो ठीक है."

सकाळी सरांचा आवाज बसलेला होता. "फ्रीज पातूरले जाणार होता. तिथली खोली तयार नाही म्हणे. मंग अमरावतीतच एका दवाखान्यात लावून राहिले."

"मग?"

"त्याच दवाखान्यात माह्या सासऱ्याचं ऑपरेशन हाय."

सरांनी हळूच विचारलं, "ते उरलेली वार्निंग... खरी होती का रे?"

"खरी होती."

"फ्रीज वापस मांगवतो. तू दोन दिवस काय, चार घे." सर घुटमळले. "अन् उजैर, ते टूल चालू कसं करतेत बे?"