आधी स्टाफ उतरतो

मेश्रामसाहेबांनी पहिल्याच भेटीत मला माझं वजन सांगितलं. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले त्या दिवशी, लिफ्टमध्ये, चार लोकांसमोर. "ताई, तुम्ही एकाहत्तर, बॅग एकोणीस. जरा मागे सरका." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात शिरल्यावर चहाचं सामान शोधायचं सोडून मी आधी काटा शोधला. एकाहत्तर भरले. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर थोडा राग धरून आहे.

साहेब मूळचे नागपूरचे. एका विमान कंपनीत 'लोड'मध्ये होते. विमानाच्या पोटात कुठल्या कप्प्यात किती सामान घालायचं, म्हणजे विमान तोल न जाता उडेल, हे ठरवून कागद बनवणं हे त्यांचं काम. वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर दुसरं काय होणार? त्यांना जगात माणसं दिसतच नाहीत. किलो दिसतात, आणि तेही चुकीच्या जागी ठेवलेले.

भीमजयंतीला सोसायटीच्या हॉलमध्ये फळ्यांचं स्टेज घातलं होतं. साहेबांनी ते एकदा हलवून पाहिलं आणि खुर्च्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या बदलून टाकल्या. कोपऱ्यातले कोणी देणगीदार होते, नव्वद किलोचे, ते मधोमध आले. अध्यक्ष छप्पन्न किलोचे, ते कडेला गेले. देणगीदार मान मिळाला म्हणून खूश, अध्यक्ष जेवणापर्यंत फुगून. सुनंदावहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "हे काहीच नाही. भाजी आणली की बटाटे दोन्ही पिशव्यांत सारखे वाटतात. रस्त्यातच. मेथी मग कुठेही टाका म्हणतात."

आमची लिफ्ट जुनी. जरा जास्त माणसं झाली की घंटी वाजते आणि दार लागत नाही. तेव्हा दिल्लीचा रिवाज असा, की सगळ्यांनी छताकडे बघायचं. साहेब मात्र मुकाट्याने बाहेर पडतात, "आधी स्टाफ उतरतो," म्हणतात आणि सहा मजले चढून जातात.

मी एकदा विचारलं, हे काय आहे? तर कंपनीची माणसं रिकाम्या सीटवर फुकट प्रवास करतात, आणि वजन जास्त झालं की पहिल्यांदा त्यांनाच खाली उतरवतात. साहेब एकदा सख्ख्या मेहुणीच्या लग्नाला निघाले होते. पट्टा बांधून बसलेही होते. उतरवलं. पोचले तेव्हा लग्न लागून पंगती उठल्या होत्या.

"तुमच्याच सेक्शनने?" मी म्हटलं.

"आमच्या रितूने. नवीनच लागली होती तेव्हा. मीच शिकवलेली. कागद बिल्कुल बरोबर बनवला होता तिने." हे सांगताना त्यांना केवढा अभिमान. वहिनी अजून त्या लग्नाचा विषय निघाला की भांडी आपटतात.

मग कंपनीचं दिवाळं निघालं. विमानं एअरपोर्टच्या कडेला रांगेने उभी राहिली. आमच्या डोक्यावरून दुसऱ्या कंपन्यांची जात राहिली. त्यातली एक मोठी कंपनी म्हणजे साहेबांचा जुना दुष्मन. तिचं नावसुद्धा ते घेत नसत, 'ते लोक' म्हणत. पेपरात आलं की तीच कंपनी यांना स्वतःत विलीन करून घेणार आहे. दुसऱ्या दिवसापासून 'ते लोक' हे 'ती मंडळी' झाले. माझ्या लक्षात आलं, पण चेष्टा करवली नाही.

एका रविवारी ते माझ्याकडे चहाला आले. "ताई, तुम्ही सरकारी माणूस. दोन ऑफिसं एक झाली की खुर्ची कोणाची जाते?"

"ज्याचा साहेब वर बसलाय, त्याची राहते."

"आमच्या सेक्शनचा साहेब मीच आहे," ते म्हणाले. कप बशीत बरोबर मध्ये ठेवला. "चोपन्न झाले मला. विमान आहे तोवर माझं काम. विमान नसलं तर मी नुसता लोकांची वजनं सांगणारा माणूस."

पुढच्या महिन्यात 'त्या मंडळीं'चं पत्र आलं. लोडमधल्या अकरा जणांपैकी चौघांना घेणार, सेक्शनप्रमुखाने नावं पाठवावीत. मी स्पष्टच सांगितलं, "पहिलं नाव तुमचं घाला. लाजू नका."

"हो हो, बिल्कुल," साहेब म्हणाले. आम्ही सगळे निर्धास्त झालो. वहिनींनी तर युनिफॉर्म ड्रायक्लीनला टाकला.

काल दुपारी माझ्या दारावर एक बाई आली, हातात मिठाईचा डबा. "आंटी, सर का फ्लॅट बंद है. ये उनको दे देंगी? मैं रितू." नोकरी पक्की झाली होती तिची. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, सर और तुम फिर साथ में, अच्छा हुआ.

ती दारातच थांबली. "सर ने अपना नाम दिया ही नहीं, आंटी. मैंने फोन किया तो बोले, चार की जगह थी, चार बैठ गए."

ती गेल्यावर मी बराच वेळ डबा घेऊन तशीच बसले. मला रडू आलं, आणि त्या माणसाचा रागही आला.

संध्याकाळी डबा घेऊनच खाली उतरले. साहेब करोल बागेच्या बाजारातून येत होते, दोन्ही हातांत सारख्या पिशव्या. लिफ्टमध्ये शिरलो, मागून आणखी माणसं आली, घंटी वाजली. सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

"आधी स्टाफ उतरतो," साहेब म्हणाले आणि उतरले. मीही उतरले.

दुसऱ्या मजल्यावर मी विचारलं, "वहिनींना सांगितलंत?"

ते आणखी एक जिना चढले. मग म्हणाले, "सांगीन. त्या चौघांची घरं अजून उभी व्हायची आहेत, ताई. माझं झालं बरंचसं." आणि थोडं चढून माझ्यावरच उखडले. "पण तुम्ही कशाला उतरलात? एक उतरला की भागत होतं."

मी त्यांच्या पिशव्या घेतल्या आणि डबा हातात दिला. "रितूने आणलाय."

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि पायरीवर तसेच उभे राहिले. वजन काही सांगितलं नाही.