हिराजीदादांचा ओठ

हिराजीदादा मिस्त्री इंजिनाला ओठ लावत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या फियाटचा मुका घेतोय. रॉकेलच्या फडक्याने पत्रा पुसल्यासारखं इंजिन पुसायचं, डोळे मिटायचे आणि खालचा ओठ हळूच त्यावरून फिरवायचा.

"दादा, हे काय?"

"बोटा मेली माजी, वैनी. ओठ अजून जित्ता हाय."

आम्ही तेव्हा ठाण्याला वर्तकनगरात राहत होतो. दादांचं गॅरेज म्हणजे खाडीजवळ, कोळीवाड्याच्या तोंडाशी एक शेड. होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता ते मोटारींकडे वळलेले.

माझी अडचण साधी होती. सासूबाई कल्याणला हॉस्पिटलात, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. शनिवारी घरी सोडणार. पाय वाकत नव्हता, म्हणजे रिक्षा बाद. "आणि अँब्युलन्समधून मी येणार नाही," त्यांनी बजावलेलं. "शेजारीण हार घेऊन उभी राहील." उरली फियाट. तिच्या इंजिनात पाणी शिरून तेलाचा दुधाळ चहा झालेला.

इंजिनाचे दोन भाग एकमेकांवर बसतात, तिथे मध्ये पातळ अस्तर असतं. ते गॅस्केट. जुनं झालं की करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखं चिकटून बसतं. आधीच्या मेकॅनिकने ते दोन तासांत अर्धंमुर्धं काढून वर नवं बसवलं होतं. आठ दिवसांत पुन्हा पाणी.

दादांनी बुधवारी इंजिन उघडलं. गुरुवारी संध्याकाळी मी गेले तरी खरवडणं चालूच. हातात बांबूची चपटी पट्टी, त्यांचे वडील जाळं विणताना वापरत ती.

"दादा, लोखंडी काहीतरी द्या. मी काढते दहा मिनिटांत."

"पातेला हाय का ह्यो?" ते माझ्या आणि इंजिनाच्या मध्ये आले. "कढईला चरा गेला तं भाजी लागंल. हिला गेला तं तुमची सासू मुंब्र्याच्या रस्त्यान बसंल, पाय लांब करून."

शुक्रवारी दुपारी मला इंजिन लख्ख दिसत होतं. दादांनी ओठ फिरवला आणि एका जागी थांबले.

"हाय."

मी बोट फिरवलं. काही नाही. पंचवीस वर्षं तांदूळ निवडलेलं बोट आहे माझं, खडा सहसा सुटत नाही. दादांनी तिथे रॉकेलचा बोळा ठेवला, ते मुरू दिलं, मग पट्टीचं टोक अलगद सरकवलं. मोहरीच्या अर्ध्याहून लहान काळा कण त्यांच्या नखावर आला. त्यानंतर मी घाई केली नाही.

रात्र पडायच्या आत गाडी सुरू झाली. शनिवारी सासूबाई मागच्या सीटवर पाय पसरून, सगळ्या रस्त्याला नावं ठेवत ठाण्याला पोचल्या. इंजिनातलं पाणी तापल्याचं दाखवणारा काटा जागचा हलला नाही.

"त्या माणसाला जेवायला बोलव," घरात शिरताच त्या म्हणाल्या.

सोमवारी बोलवायला गेले. दादा आणखी एक इंजिन खरवडत बसलेले. ताटासारखं चकचकीत झालं होतं ते.

"कोणाची गाडी?"

"कोनाची नाय. भंगारातला हाय."

"मग घासताय कशाला?"

त्यांनी मान वर केली नाही. "घरा जाऊन काय करू, वैनी? घरान कोन हाय?"

जेवायचं म्हटलं तर "कपरे काले हान" म्हणत तेलकट शर्टाकडे बोट दाखवून टाळलं. मी आग्रह केला नाही. मला ते जमत नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन गेले आणि सांगितलं, इंजिनात बारीक आवाज येतोय. आवाज कसला, गाडी मांजरासारखी चालत होती. दादांनी बॉनेट उघडलं, एक कान खाली केला आणि अर्धा तास ऐकत उभे राहिले.

मग गंभीरपणे म्हणाले, "हाय थोरा. उद्या परत आना."